पेडिक्युअर जमलं, अंगठा लागेना

पेडिक्युअर शिकताना सगळ्यात अवघड काय, असं नव्या मुली विचारतात. त्यांना वाटतं मी क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) म्हणेन. मी म्हणते, हजेरी.

सरकारी कौशल्य योजनेतला नेल टेक्निशियनचा मोफत कोर्स मी सोलापुरात केला. प्रवेश, कागदपत्रं, कशालाच त्रास झाला नाही. हजेरी मात्र आधारला जोडलेल्या मशीनवर. येताना अंगठा, जाताना अंगठा. ठरावीक टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही.

नेलपेंट आणि फाइलिंग शिकवत होते तोवर सगळं ठीक होतं. पेडिक्युअर सुरू झालं आणि हात दिवसभर टबात. कोमट पाण्यात शॅम्पू-मीठ घालून पाय भिजवायचे, मग स्क्रब, मग टाचा घासायच्या (आमच्या आजीची वज्री आठवा, तेच काम, फक्त फाइलला दांडा असतो), शेवटी क्रीम लावून पोटरीपर्यंत मसाज. त्यात रिमूव्हरनं कातडी कोरडी पडते ती वेगळीच. संध्याकाळी बोटांची टोकं सुरकुतलेली आणि वरून तेलकट. अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल. मागे मुलींची रांग, बसची वेळ झालेली.

केंद्रावरच्या सरांचं उत्तर ठरलेलं. "मशीनमध्ये नाही म्हणजे तुम्ही आला नाहीत." मी त्यांच्यासमोर उभी! हातात नुकतीच धुतलेली नेल कटरची पेटी! वहीत सही करते म्हटलं तर वही चालत नाही.

मग आधार केंद्र. तिथं टोकन सकाळीच संपतात, म्हणून उजाडायच्या आत जाऊन बसायचं. रांगेत माझ्या पुढं बिड्या वळणाऱ्या दोन मावश्या होत्या. रेशन दुकानात त्यांचेही ठसे लागत नव्हते. खिडकीपाशी पोचले तर सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला ऑपरेटरनं बोटं उलटसुलट बघितली.

"धुणीभांडी करता का ताई?"

"नाही, पेडिक्युअर शिकते."

"मग तेच की. चार दिवस पाण्यात हात घालू नका, मग या."

चार दिवस हात पाण्यात घालायचा नाही म्हणजे क्लासला जायचं नाही, आणि क्लासला जायचं नाही म्हणजे हजेरी नाही. हे त्याला सांगितलं, तर तो पुढच्या टोकनचा नंबर पुकारायला लागला. आजही त्या खिडकीवरून जाताना माझं डोकं फिरतं.

शेवटी सुट्टी जोडून हात कोरडे ठेवले आणि दहाही बोटांचे ठसे, डोळे, फोटो सगळं नव्यानं दिलं. तेव्हा 100 रुपये लागले, ऑक्टोबर 2025 पासून 125 आहेत. पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या नोंदणी क्रमांकावरूनच अपडेट झालं की नाही ते कळतं. तोवर माझं काम चाललं ते मधल्या बोटानं. अंगठाच पाहिजे असं काही नसतं, हे एकानंही सांगितलं नव्हतं. मीच एकेक बोट ठेवत गेले आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दिवा हिरवा झाला. बॅचमधल्या सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून, पेडिक्युअरला बसायच्या आधी कुठलं बोट लागतं ते बघून ठेवा. भिजवताना आणि घासताना नायट्राइलचे (पातळ रबरी) ग्लोव्हज घाला, मसाजपुरते काढा. हजेरीआधी साबणानं तेल काढून हात पूर्ण कोरडे करा. ओलं बोट लागत नाही तसं फार कोरडंही लागत नाही.

बाकी पेडिक्युअर हाताला बसतं. पायाची नखं सरळ कापा, कोपरे गोल करायला गेलात की नखुरडं होतं. टाचेवर ब्लेड चालवू नका, समोरची बाई कितीही म्हणू दे. क्युटिकल आधी मऊ करून मागं ढकलायचं, सुटलेलं तेवढंच काढायचं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या दिसल्या तर ते पाय टबात घ्यायचेच नाहीत. आणि शुगर आहे का, हे पाणी ओतायच्या आधी विचारा. अशा माणसाला पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नसतं, त्यामुळे कोपर बुडवून आपणच बघायचं.

परीक्षेला मॉडेल आपलं आपणच न्यायचं होतं. मी शेजारच्या काकूंना नेलं. सुनेच्या वयाच्या मुलीकडून पाय धुवून घ्यायचे म्हणून त्या आधी लाजून बसल्या, मसाजला चक्क घोरल्या. परीक्षक बाई हसल्या आणि मार्कही चांगले दिले. नेलपेंट लावायच्या आधी प्रत्येक नखावरून रिमूव्हर फिरवला होता ना, हे त्यांनी मुद्दाम विचारलं. मसाजचं तेल नखावर राहिलं की रंग दुसऱ्या दिवशीच सुटतो.

त्या दिवशीही हजेरी होती. मी दारातच, हात कोरडे असताना, मधलं बोट लावून आत गेले.