सनद मिळाली, मग सिनियरकडे कशाला बसायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लॉ कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं दरवर्षी हा प्रश्न घेऊन येतात. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, झाली, बार कौन्सिलची परीक्षा सुटली, हवे ते निकाल मोबाइलवर सापडतात; मग कुणाच्या तरी ऑफिसात ज्युनिअर म्हणून वर्षानुवर्षं बसायचं कशाला?

कायद्याची सक्ती नाही, हे खरं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली सनदेआधी एक वर्षाची उमेदवारी घालून दिली होती, ते नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केले. न्यायाधीश व्हायचं असेल तर मात्र मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. बाकी उद्या सकाळी काळा कोट चढवून तुम्ही एकट्याने दावा दाखल करू शकता. तरीही मी म्हणते, बसा.

मी पाच वर्षं बसले. जिल्हा न्यायालय, सगळी दिवाणी कामं. माझा पहिला उलटतपास शेतातल्या वहिवाटीच्या रस्त्याच्या दाव्यातला. रात्र जागून चाळीस प्रश्न लिहिले. माझ्या सिनियरनी, म्हणजे सरांनी, पेन्सिल घेऊन त्यातले एकतीस खोडले, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले नऊ विचारले. बैलगाडी तिथून जायची एवढं साक्षीदाराने कबूल केलं आणि मी खुशीत ऑफिसला आले. संध्याकाळी सरांनी विचारलं, "बांधाचा प्रश्न घातलास, तेव्हा तो कुणाकडे बघत होता?"

मला सांगता येईना. मी माझ्या कागदाकडे बघत होते.

"मागे बसलेल्या भावाकडे बघत होता. तिथे अजून एक प्रश्न होता, तो तू सोडलास. पुढच्या वेळी प्रश्नांचा कागद न्यायचा नाही. फक्त निशाण्यांचे, म्हणजे पुराव्यातल्या कागदांचे, नंबर लिहून ने."

स्वतःचं सोडून, फक्त माझा उलटतपास ऐकायला सर मागच्या बाकावर तासभर बसले होते. आपण काम करत असताना आपल्याकडे बघणारं असं माणूस लागतं. साक्षीदाराची नजर कुठे गेली ते कुठल्याच निकालपत्रात छापलेलं नसतं, आणि ती आपल्याकडून निसटली हे आपलं आपल्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला आजही जड जाते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मी एका फाइलमध्ये दिवस मोजले ते वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) दाखल केल्या तारखेपासून. 'नो डब्ल्यूएस'चा, म्हणजे कैफियतीविनाच दावा पुढे चालवण्याचा, आदेश झाला तेव्हा चूक लक्षात आली. पक्षकार एक विधवा बाई, राहत्या घराचा दावा. मी रडकुंडीला येऊन सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. आदेश रद्द करून घेण्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः उभे राहिले आणि कोर्टाला म्हणाले, "चूक माझ्या ऑफिसची आहे, पक्षकाराची नाही." कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम, बसली, ती त्यांनी खिशातून भरली. बाईंकडून एक पैसा घेतला नाही. कैफियत रेकॉर्डवर आली. मग रात्री साडेनऊपर्यंत मला बसवून ऑफिसातल्या प्रत्येक चालू फाइलची समन्सची तारीख तपासून घेतली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या कव्हरवर ती तारीख लाल शाईने असते.

एकटी असते तर ती चूक मी कदाचित पक्षकारापासून लपवली असती. पहिल्याच वर्षी. पुढे माझी वकिली कशी झाली असती, याचा विचार करायला मला आवडत नाही.

असे सिनियर सगळ्यांना मिळत नाहीत, हेही बोललं पाहिजे. वर्षभर तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) टाइप करायची, आणि महिन्याच्या शेवटी हातात काही नाही, अशी ऑफिसं मी पाहिली आहेत. ज्याच्या घरात वकील नाही, गावाकडून पैसे येत नाहीत, असं हुशार पोरगं तिथे किती दिवस तग धरणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान मानधन द्यावं असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. सक्ती व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. फुकट राबवून घेण्याला 'आम्ही शिकवतो' म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हणून कुणाकडे बसायचं ते नीट बघून ठरवा. आधी त्यांच्या ज्युनिअरना गाठून चहा प्या. त्या ज्युनिअरनी स्वतः उलटतपास घेतलाय का, शेवटचा कधी, ते विचारा. मुली असाल तर संध्याकाळी ऑफिस कितीला सुटतं हेही विचारा. मग सिनियरना भेटाल तेव्हा मानधनाचं संकोच न करता बोला. आणि एक विचाराच: "माझा मसुदा तुम्ही स्वतः वाचणार का?" उत्तर द्यायला ते अडखळले, तर दुसरं ऑफिस बघा.