वीस सह्यांचे चर्च

उत्तर रशियातल्या आर्खांगेल्स्क शहराच्या ज्या नाट्यगृहात आम्ही हौसेने जातो, ते त्रोइत्स्की कॅथेड्रलच्या जागेवर उभे आहे, हे माझ्या कचेरीतल्या एका बाईंनी मध्यंतरात चहा पिता पिता सहज सांगितले. अठराव्या शतकातले ते कॅथेड्रल 1929 मध्ये पाडले गेले. पाडापाडीचे मला फारसे नवल वाटले नाही, कारण देवळे फोडणारे आपल्याही इतिहासात कमी नाहीत. मी हादरलो तो त्याच वर्षीचा कायदा वाचून.

चर्चच्या इमारती सोव्हिएत सरकारच्या 1918 च्या हुकुमानेच सरकारजमा झाल्या होत्या. 8 एप्रिल 1929 च्या कायद्याने ठरवले की किमान 20 प्रौढ भाविक सह्यानिशी पुढे आले, तरच त्यांना इमारत प्रार्थनेसाठी मिळेल, आणि दुरुस्ती, विमा, कर हे सारे त्यांनीच पाहायचे. मुलांना धर्मशिक्षण द्यायचे नाही, अडल्यानडल्यासाठी निधी जमवायचा नाही. कागदावर यात कुठेही सरसकट बंदी दिसत नाही. पण उत्तरेकडच्या दूरच्या खेड्यांतून सामूहिक शेतीच्या मोहिमेत सधन शेतकरी हद्दपार झाले, पाद्री पकडले गेले, उरलेले सहीला घाबरू लागले. मग वीस नावे भरेनात, दुरुस्ती होईना, करार रद्द होई आणि चर्चचे धान्यकोठार किंवा क्लब होई. अर्ज, मुदत, शेरा, शिक्का ही सारी रीत सरकारी कचेऱ्यांचे खेटे घातलेल्या मराठी माणसाला ओळखीची वाटते, आणि मला सर्वांत जास्त चीड आली ती या ओळखीचीच.

श्वेत समुद्रातल्या सोलोव्हेत्स्की बेटांवरचा पंधराव्या शतकातला मठ 1920 मध्ये बंद झाला आणि 1923 पासून तिथे कैद्यांची छावणी बसली. त्या काळात घुमटांऐवजी आलेली लाकडी छपरेच पाचशे रूबलच्या जुन्या नोटेवर छापली गेली होती. ती चूक 2010 च्या सुधारित नोटेत दुरुस्त झाली.

"तुमच्याकडेही देवळे सरकारच्याच हातात आहेत ना?" असे त्या बाईंनी नंतर विचारले. मी पंढरपूरचा दाखला दिला: 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून कारभार समितीकडे दिला, पण विठ्ठलाची पूजा बंद पाडण्याचा विचारही कोणी केला नाही. सांगताना माझा आवाज उगाच चढला. ही तुलना माझ्या सोयीची आहे हे मी जाणतो. तरीही ती मागे घेण्याची माझी तयारी नाही, कारण आमच्याकडे देवळाच्या अर्जावर सही केली म्हणून कोणाला गाव सोडावे लागत नाही.