नेपल्समधला नकार

रोमहून वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासावर आहे. तेवढ्या अंतरात नकार देण्याची पद्धतच बदलते. रोममधला दुकानदार ‘नाही’ म्हणताना मान आडवी हलवतो. नेपल्सच्या पिन्यासेक्का बाजारात एक आजीबाई शिंपल्यांचा भाव पाडून मागत होत्या. मासळीवाल्याने हातातलं काम न थांबवता भुवया उंचावल्या, हनुवटी झटक्यात वर नेली आणि जिभेने ‘च्यक’ केलं. आजीबाई पुढच्या गाड्याकडे वळल्या. मला तर अगदी घरच्यासारखं वाटलं, कारण असं ‘च्यक’ आपल्याकडे लहान पोरंसुद्धा करतात!

मान मागे टाकून नकार देण्याची ही रीत ग्रीस आणि तुर्कस्तानात सर्रास दिसते. मग इटलीच्या या टोकाला ती कशी? दक्षिण इटलीत इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून ग्रीकांच्या वसाहती होत्या आणि नेपल्सही त्यांनीच वसवलेलं. १९७० च्या दशकात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डेझमंड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपभर हातवाऱ्यांचा अभ्यास केला. ही खूण त्या जुन्या वसाहतींचा वारसा असावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं. राज्यं गेली, भाषा बदलली, मानेची लकब मात्र टिकली.

इथल्याच कॅथेड्रलचे धर्मगुरू आंद्रेआ दे योरियो यांनी १८३२ साली या हातवाऱ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या माणसांचे हात काय बोलतात, हे कळावं म्हणून ते नेपल्सच्या रस्त्यावरची माणसं न्याहाळत. संशोधनाची ही रीत मला फार आवडली.

पाची बोटांची टोकं जुळवून, तळवा आपल्याकडे धरून मनगट वरखाली हलवलं की इथे अर्थ होतो, ‘तुझं म्हणणं तरी काय?’ तीच जुळलेली बोटं तोंडाशी नेली की आपण ‘जेवलास का?’ विचारतो. तर्जनी आणि करंगळीची शिंगं जमिनीकडे रोखली की दृष्ट टळते. सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत लाल शिंगांचे ताईत ढिगाने टांगलेले असतात, आपल्या लिंबू-मिरचीचे भाऊबंदच. पण हीच शिंगं कुणा पुरुषाकडे रोखू नका. त्याची बायको त्याला फसवते, असा त्याचा अर्थ होतो.

आणखी एक. बोटांची मागची बाजू हनुवटीखालून पुढे उडवणं हा नेपल्समध्ये साधा नकार आहे. उत्तर इटलीत मात्र तो ‘चल, चालता हो’ असा अपमान ठरतो, तेव्हा पुढे मिलानला जाणार असाल तर हात जपून.