क्रॉनटॅबमधून लाराव्हेलच्या शेड्यूलरकडे: माझा अनुभव

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचं लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं केळी-कटाईचं अ‍ॅप्लिकेशन माझ्याकडे आलं. त्यातली ठरल्या वेळची सगळी कामं थेट सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे कोणती कमांड कधी चालवायची याच्या यादीत होती: भावाचा एसएमएस, कटाईच्या वजनांची बेरीज, थकीत रकमेची आठवण, बॅकअप. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, त्यामुळे सकाळी ६ चं काम तिथे ००:३० ला लिहिलेलं. प्रत्येक ओळ वाचताना मनात साडेपाच तास मिळवायचे.

आधी कोडला हातच लावला नाही. एकेक ओळ वहीत उतरवली आणि व्यवस्थापकांना फोन लावला, "भाऊ, हे कोणाला लागतं?" काहींचं उत्तर आलं, "माहीत नाही, बंद करून पाहा." केली बंद. अजून कोणी विचारलेलं नाही.

मग क्रॉनटॅबमध्ये एकच ओळ ठेवली, दर मिनिटाला आर्टिसन या लाराव्हेलच्या कमांड-साधनाची शेड्यूल-रन कमांड. तीच शेड्यूलरला जागं करते आणि त्या मिनिटाची कामं चालवते. बाकी सगळं कोडमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये आलं. लाराव्हेल १० पर्यंत ही यादी कन्सोलच्या कर्नल फाइलमध्ये असायची, ११ पासून ती रूट्स फोल्डरमधल्या कन्सोल फाइलमध्ये लिहितात. टाइमझोन आशिया/कोलकाता दिला. उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवायची भानगड आपल्याकडे नाही, ते एक बरं.

वेळ खाल्ला तो क्रमाने. एकाच मिनिटाला लावलेली कामं लाराव्हेल लिहिलेल्या क्रमानेच, एकामागून एक चालवतं. वर बॅकअप आणि खाली एसएमएस असेल, तर बॅकअप आटपेपर्यंत शेतकरी ताटकळत राहणार. काम मागे चालू ठेवून पुढचं लगेच सुरू करणारं रनइनबॅकग्राउंड वापरता आलं असतं, पण बॅकअप रात्री २ ला ढकलणं जास्त सोपं. विदाउटओव्हरलॅपिंगनेही वेळ खाल्ला. आधीचं काम संपलं नसेल तर तेच काम पुन्हा सुरू होऊ नये, म्हणून ते कुलूप लावतं. मुदत दिली नाही तर त्याचं कुलूप २४ तासांपर्यंत राहू शकतं. मध्येच सर्व्हर बंद पडला, की दर १० मिनिटांनी चालणारं काम दिवसभर ठप्प. मी ३० मिनिटं दिली.

सगळ्यात अडलं भावाच्या एसएमएसवर. सकाळी ६ ही वेळ कोणी ठरवली देव जाणे, कारण नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीबागांच्या प्रकारांचे भाव भरले जायला काही नेम नाही. शिवाय चुकलेली वेळ शेड्यूलर नंतर भरून काढत नाही. ६ ला सर्व्हर बंद असला, की त्या दिवशीचा एसएमएस गेलाच. म्हणून कमांडच बदलली: ६ ते ९ दरम्यान दर १० मिनिटांनी बघायचं, भाव भरलेला आहे आणि आज पाठवलेला नाही, तरच पाठवायचा.

शेवटी शेड्यूल-लिस्ट कमांडने दाखवलेली कामांची यादी व्यवस्थापकांना पाठवली. त्यांनी नीट वाचली असावी, कारण लगेच फोन आला, "आणि भाव नऊनंतर आला तर?" आता ती वेळ ११ पर्यंत आहे.