फ्राइड चिकनला आंबट लागतं

फ्राइड चिकनच्या बॉक्समधे जे लाल पाऊच येतात त्यांना चिली सॉस का म्हणतात मला खरंच कळत नाही, टोमॅटोचा गोड पाक असतो तो, मिरची फक्त पाऊचवरच्या चित्रात. दुसरं टोक म्हणजे आमच्या घरातले लोक. तिखटच पाहिजे ना, मग घ्या खर्डा! खर्ड्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तो भाकरी-पिठल्याचा सोबती आहे, तळलेल्या चिकनवर तो नीट बसतही नाही आणि तेलाला उतारा म्हणून त्याचा उपयोगही नाही. माझं ठाम मत असं की मैद्याच्या त्या जाड कुरकुरीत कव्हरला तिखटापेक्षा आंबट जास्त लागतं. दोन पीस खाऊन तोंड तेलकट झालं की तिसरा उचलावासा वाटतो तो आंबटामुळे. तिखट पाहिजेच, पण ते आंबटाच्या मागून यावं.

अमेरिकेत, जिथून हे प्रकरण आलं, तिथे ही अक्कल जुनी आहे. लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर 1868 पासून टबॅस्को नावाचा मिरची सॉस बनतोय आणि त्यात मिरची, मीठ आणि व्हिनेगर यापलीकडे काही नाही, फक्त मिठात वाटलेली मिरची ओकच्या पिंपात मुरवत ठेवतात, तीही थोडीथोडकी नाही, तीन वर्षांपर्यंत. बफलो शहरातल्या अँकर बारमधे 1964 साली विंग्ज, म्हणजे कोंबडीचे तळलेले पंख, निघाले त्यांना तसाच आंबट मिरची सॉस, फक्त लोण्यात घोळवलेला. आणि नॅशव्हिल शहराची तर गोष्टच वेगळी. थॉर्नटन प्रिन्स नावाचा माणूस रात्री उशिरा घरी आला म्हणून त्याच्या मैत्रिणीने चिडून चिकनवर मिरचीचा मारा केला, आणि याला ते इतकं आवडलं की पुढे त्याचं हॉटेलच निघालं, अशी दंतकथा तिथे सांगतात. खरंखोटं सोडा. नॅशव्हिलवाले करतात काय, तर तळणीचंच गरम तेल लाल तिखटावर ओततात आणि ते चिकनला फासतात. म्हणजे मिसळीवरची तर्रीच की! तिखटपणा आणि लाल रंग दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही, हे आपल्या मिसळवाल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून घरचा सॉस करताना मी दोन्ही करतो, आंबवलेली मिरची वेगळी आणि तेलातली वेगळी, मग शेवटी एकत्र.

आंबवायला ओल्या लाल मिरच्याच लागतात. थंडीत मंडईत त्यांचे ढीग लागतात, तेव्हा घ्यायच्या, कडक आणि चकचकीत बघून, देठाशी मऊ पडलेली एकही नको. धुऊन, कोरड्या करून, देठ काढून, लसणाबरोबर मिक्सरमधे भरड फिरवायच्या. मीठ मात्र काट्यावर, इथे अंदाजपंचे नाही चालत. मिरची-लसूण मिळून अर्धा किलो असेल तर 15 ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्के. त्यापेक्षा फार कमी घातलं तर नको ते जंतू वाढतात, फार जास्त घातलं तर आंबायचंच मंद होतं. काचेच्या बरणीत दाबून भरायचं, वर जागा ठेवायची, झाकण गच्च लावायचं नाही. एक-दोन दिवसांत फसफस सुरू होते, बाजूने काचेतून बघितलं तर लगद्यात बारीक बुडबुड्यांच्या वाटा दिसतात, आणि वास कच्च्या मिरचीचा जाऊन लोणच्याकडे सरकायला लागतो. रोज स्वच्छ चमच्याने खाली दाबायचं, नाहीतर लगदा फुगून वर येतो. वर पातळ पांढरी साय धरली तर काढून टाकायची, पण केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर अख्खी बरणी कचऱ्यात, तिथे जीव अडकवायचा नाही. आठ-दहा दिवसांत चांगलं आंबतं, थंडी जास्त असेल तर अजून थोडे.

मग व्हिनेगर घालून परत वाटायचं आणि गाळायचं. दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नुसतंच नाकात जातं, त्याला चव अशी नाही. गोव्याहून कुणी येणार असेल तर माडाचं व्हिनेगर मागवून ठेवा, फरक जिभेला लगेच कळतो. तशी मिरची आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनीच, तेव्हा गोव्याचं व्हिनेगर आणि मिरची यांचा संसार काही आजचा नाही.

आता तेल. तिखटासाठी मिरच्या अशा, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि झेपत असेल तर थोडी लवंगी. नुसती ब्याडगी घातली तर सॉस दिसतो भयानक आणि लागतो पुळचट. तिखट स्टीलच्या पातेल्यात घ्यायचं आणि तेल धूर येईपर्यंत अजिबात तापवायचं नाही, चिमूटभर टाकून बघायचं, ती सावकाश फेसाळली तर ठीक, टाकल्या टाकल्या काळी पडली तर गॅस बंद करून थांबायचं. जळलेलं तिखट कडू होतं आणि ते कडू कशानेच जात नाही. मग तेल तिखटावर ओतायचं. बरोबर जमलं की तेल आधी नारिंगी होतं आणि मग बघता बघता गडद लाल, आणि त्याच क्षणी पूर्ण घराला ठसका लागतो. वरच्या काकूंची हाक येतेच, "काय रे, मसाला भाजतोस का दुपारचा? खिडक्या तरी लाव!" खिडक्या लावल्या तर आम्ही मरू, हे काकूंना खालून ओरडून कसं सांगणार.

तेल गार झालं की आंबवलेल्यात घालून मिक्सर फिरवायचा, चवीला चिमूटभर साखर. चिमूटभरच, पाऊचवाल्यांसारखी नाही.

जाता जाता एक, बिया काढल्या की मिरची कमी तिखट होते असं आमच्या मावशीसकट सगळे मानतात. मिरचीचा जाळ असतो तो आतल्या पांढरट शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बिया काढताना ती शीरही थोडी निघते म्हणून फरक पडतो, श्रेय मात्र बियांना. आणि तोंड पेटलं तर पाणी पिऊ नका, पाण्याने ते तोंडभर पसरतं, दूध किंवा दही घ्या. हाताला जळजळ झाली तर आधी तेल चोळा, मग साबण. डोळ्यांचं मी काही सांगत नाही, ज्याला अनुभव आहे त्याला आहे.

चिकनचं फार सांगण्यासारखं नाही, रात्रभर मिठाच्या ताकात, सकाळी मैदा आणि कॉर्नफ्लोअर, तळून जाळीवर काढायचं, कागदावर नाही, खालून वाफ धरते. भांडण होतं ते सॉस कसा घ्यायचा यावर. माझं म्हणणं वाटीत घ्या आणि बुडवा, एका घासापुरतं. माझा भाऊ अख्ख्या ताटावर ओततो. ओता बाबांनो, पण मग दहा मिनिटांनी "कुरकुरीत का नाही रे झालं" म्हणून माझ्याकडे यायचं नाही.