लाइट आठ तास, पाणी पावणेपाच
पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात आम्ही जानेवारीत विहिरींचा उपसा मोजत होतो. ताशी विसर्ग (मोटर तासाला किती पाणी फेकते ते) गुणिले तास गुणिले दिवस, आणि ते गावातल्या विहिरींना लावायचं, ही नेहमीची रीत. तात्यांच्या विहिरीवर वीजमीटर नव्हता, बिल एचपीवर येई. तास विचारले तर तात्या म्हणाले, "लाइट हाय तोवर चालूच." शेतीला लाइट आठ तास, म्हणजे मोटरही आठ तास. तसंच लिहून न घेता आम्ही सकाळी साडेआठला, लाइट येतानाच विहिरीवर पोचलो.

विहीर ८ मीटर व्यासाची, मोटर पाच एचपीची. डिलिव्हरी पाइप बॅरलमध्ये सोडला. बॅरलला २०० लिटरची खूण आधीच मापाच्या बादलीनं करून ठेवावी. काठापर्यंत भरलं तर माप चुकतं. पातळी उतरते तसा विसर्गही घटतो, म्हणून तीनदा मोजलं: ३३, ३४, ३५ सेकंद. सरासरी धरली तर ताशी २१ घनमीटर. आठ तासांचे १६८.

एक वाजून दहा मिनिटांनी पाइपातून पाण्याऐवजी फुसफुस सुरू झाली. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप, उघडा पडला होता. मोटर किती करंट ओढते ते दाखवणारा क्लॅम्प मीटर ७ अँपिअरवरून ४ वर आला. मोटर फिरत होती, पाणी नव्हतं. लाइटच्या रात्रीच्या पाळीत स्टार्टर ऑटोवर असतो, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, जवळ कुणी नसतं, तेव्हा ती अशीच कोरडी फिरते आणि सील जळतं. म्हणजे वीजमीटर असता तरी नुसत्या युनिटांवरून काढलेला उपसा फुगलेलाच आला असता.

चार तास चाळीस मिनिटांत ९८ घनमीटर उपसलं गेलं. पातळी दीड मीटर उतरली. विहिरीचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, म्हणजे साठ्यातलं ७५. उरलेलं २३ झऱ्यांनी दिलं. नुसता टेप सोडून पातळी मोजणारा हे २३ हमखास गमावतो. मोटर बंद केल्यावर तासाभरात पातळी १२ सेंटिमीटर चढली, ताशी ६ घनमीटर. उपसा चालू असतानाची आवक सरासरी ५ होती. विहीर पूर्ण उतरल्यावर झरे जोरात येतात, त्यामुळे हा फरक बरोबरच आहे.

तरी पिकाकडून पडताळा हवा होता. कांदा एक एकर, वाफ्यांनी पाणी. "एकराला किती दिवस?" विचारलं. तात्या म्हणाले, "दोन लागत्यात." दोन दिवसांचे १९६ घनमीटर एका एकरावर पसरले की ४८ मिलिमीटर, वाफ्याला एका पाण्यात साधारण ५ सेंटिमीटर बसतं. आठ तास धरले असते तर ८३ मिलिमीटर आलं असतं, आणि एवढं पाणी त्या वाफ्यांत मावलंच नसतं.

यातलं सगळं पीक पीत नाही. इथली भूजलाची पातळी जमिनीखाली १० मीटरच्या आत, म्हणून भाताखेरीज पिकांसाठी २५ टक्के पाणी परत मुरतं असं धरून निव्वळ उपसा वेगळ्या रकान्यात लिहिला.

शेजारच्या विहिरीत बोअरचं पाणी सोडलेलं होतं. तिथं बोअर आणि विहीर दोन्हींचा विसर्ग लिहिला तर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. म्हणून बोअरचा पाइप तासभर बाहेर काढून मगच विहिरीच्या झऱ्यांची आवक मोजली.