बॉनहॅम ते मेंफिस, गिटारच्या मागावर

डॅलसहून ईशान्येला दीडेक तास गेलं की बॉनहॅम लागतं. रॉकबिलीचे, म्हणजे कंट्री आणि ब्लूजमधून निघालेल्या १९५० च्या दशकातल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलचे चाहते मेंफिसला जातात; वेस्टर्न स्विंगवाले, म्हणजे कंट्री आणि जॅझ मिसळून झालेल्या १९३० च्या दशकातल्या नाचाच्या संगीताचे चाहते, टल्साला. बॉनहॅमकडे सहसा कुणी वळत नाही. आम्ही दोघांनी मात्र प्रवास इथूनच सुरू केला. या दोन्ही प्रकारांतली गिटार जॅझमधून आली, असं मला ऐकता ऐकता पटत गेलं होतं, आणि जॅझ गिटारचा मला सर्वांत प्रिय असलेला वादक, चार्ली ख्रिश्चन, २९ जुलै १९१६ रोजी या गावात जन्मला. २ मार्च १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्षयाने गेला आणि त्याला पुरायला इथेच आणलं. वय पंचवीस. गेट्स हिल दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे. तिथे थोडा वेळ थांबलो आणि उत्तरेला निघालो.

ख्रिश्चन वाढला ओक्लाहोमा सिटीत, डीप ड्यूस या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. आज तिथे नवी अपार्टमेंट्स आणि खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. जुन्या दिवसांचं म्हणावं तर कॅल्व्हरी बॅप्टिस्ट चर्चची विटांची इमारत तेवढी ठसठशीत उभी आहे. शेजारच्या ब्रिकटाउनमध्ये एका रस्त्याला ख्रिश्चनचं नाव दिलंय. वडील अंध, गिटार वाजवायचे. मुलांना घेऊन गोऱ्यांच्या वस्त्यांतून फिरायचे आणि लोक सांगतील ते वाजवून पैसे मिळवायचे. म्हणजे या पोराच्या कानावर लहानपणापासून सगळ्या तऱ्हेचं संगीत पडलं होतं.

तोवर बँडमध्ये गिटारचं काम मुख्यतः ताल धरण्याचं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गलक्यात तिचा आवाज पोचायचाच नाही. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० ही विजेवरची गिटार बाजारात आणली आणि ख्रिश्चनने तिच्यावर सॅक्सोफोनसारखी लांब, एकेरी स्वरांची वाक्यं वाजवायला सुरुवात केली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये तो क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या नावाजलेल्या जॅझ बँडमध्ये गेला, १९४१ च्या उन्हाळ्यात आजारी पडला. जेमतेम दोन वर्षांची कारकीर्द, पण त्यानंतर गिटार पुन्हा मागच्या खुर्चीवर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी टल्सा. इथला केन्स बॉलरूम मला बघायचाच होता. १९२४ मध्ये गॅरेज म्हणून बांधलेली ही इमारत १९३० मध्ये नाचाची शाळा झाली, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९४२ पर्यंत वेस्टर्न स्विंगचा सर्वांत नावाजलेला बँडप्रमुख बॉब विल्स आणि त्याचा बँड टेक्सास प्लेबॉइज इथून केव्हीओओ रेडिओवर कार्यक्रम करत. आम्ही एका स्थानिक वेस्टर्न स्विंग बँडची तिकिटं काढली होती. भिंतींवर जुन्या कलाकारांची भली मोठी चित्रं, नाचाच्या जागेवर निऑनचा तारा आणि आरशांचा गोळा. खाली मेपल लाकडाची जमीन, स्प्रिंगांवर बसवलेली. दुसऱ्या गाण्याला सत्तरीच्या पुढची जोडपी उठून नाचायला लागली आणि माझ्या तळव्यांखाली ती जमीन तालावर हलकेच खालीवर होताना जाणवली. वेस्टर्न स्विंग हे नाचाचं संगीत आहे हे वाचून माहीत होतं. तिथे ते पायांतून वर आलं.

बँडमध्ये दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), स्टील गिटार, साधी विजेची गिटार, बास आणि ड्रम. स्टील गिटारचा तो घसरत जाणारा सूर आपल्याला परका नाही. रेडिओवर हवाईयन गिटारवरची सिनेगीतं ऐकत जी पिढी वाढली तिला तो लगेच ओळखू येईल. पण इथे त्याचं वागणं वेगळं. मिल्टन ब्राउनच्या ब्राउनीज या वेस्टर्न स्विंग बँडमधल्या बॉब डनने १९३५ च्या जानेवारीत विजेची स्टील गिटार ध्वनिमुद्रित केली, ख्रिश्चनच्या चार वर्षं आधी. तिच्यातून त्याला जॅझमधल्या ट्रॉम्बोनसारखा ठोसर आवाज हवा होता. फिडलवाल्यांचं दैवत होता जो व्हेनुटी आणि त्याच्या जोडीला गिटारवर फिलाडेल्फियाचा एडी लँग. १९२० च्या दशकातल्या या जोडीच्या तबकड्या टेक्सास-ओक्लाहोमापर्यंत पोचल्या, आणि गावातल्या नाचांना वाजवणाऱ्या पोरांना फिडल-गिटारचं एक नवंच बोलणं सापडलं.

लँगची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९२८-२९ मध्ये त्याने लॉनी जॉन्सन या कृष्णवर्णीय वादकाबरोबर गिटारची युगुलं मुद्रित केली, पण तबकडीवर लँगचं नाव ‘ब्लाइंड विली डन’ असं छापलं गेलं. गोरा आणि काळा एकत्र वाजवतात हे उघड लिहायची सोय नव्हती. केन्सपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ग्रीनवूड आहे. १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळून टाकली. पस्तीस ब्लॉक बेचिराख झाले. सकाळी आम्ही तिथे गेलो. रात्रीच्या त्या आनंदी संगीतात ब्लूज होता, जॅझ होता. ज्यांच्याकडून ते आलं त्यांना त्या काळात गोऱ्यांच्या हॉलमध्ये शेजारी बसून ते ऐकता आलं नसतं. वेस्टर्न स्विंगवर मनापासून प्रेम करायचं तर हे सोडून पुढे जाता येत नाही.

दुपारी गिटारच्या एका जुन्या दुकानात शिरलो. काउंटरमागच्या वयस्कर गृहस्थांना एल्डन शॅम्बलिनबद्दल विचारलं आणि त्यांचा चेहरा खुलला. शॅम्बलिन १९३७ मध्ये प्लेबॉइजमध्ये आला, लँग ऐकून घडलेला. पुढे टल्सातच राहिला आणि १९९८ मध्ये वारला. या गृहस्थांनी त्याला ऐकलं होतं. “बघा,” म्हणाले, आणि आधी साधा ताल वाजवला: एकच कॉर्ड (एकदम छेडलेले काही स्वर), धम-चक, धम-चक. मग तेच शॅम्बलिनच्या पद्धतीने. आता प्रत्येक ठोक्याला बोटं हलत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात खालचा स्वर सा, मग ग, मग म, तीव्र म, आणि पंचमावर उतरून पुन्हा षड्ज. वरच्या तारांवर दर ठोक्याला नवी कॉर्ड. गाणं तेच, पण खालून कुणीतरी पायऱ्या चढतंय असं वाटायला लागलं. त्यात सा-ग-प च्या साध्या कॉर्डला त्यांनी धैवत जोडला. ती गोड, किंचित अधांतरी कॉर्ड ऐकली आणि मी नवऱ्याकडे बघितलं. रॉकबिलीची कितीतरी गाणी नेमकी तिच्यावरच संपतात.

त्यांनीच जिमी वायबलची आठवण काढली. १९४० च्या दशकाच्या मध्यात तो विल्सकडे कॅमेरॉन हिलबरोबर जोडगिटार वाजवायचा, ख्रिश्चन अगदी मुरलेला होता त्याच्यात. पुढे वायबल बेनी गुडमनच्याच बँडमध्ये जाऊन बसला.

टल्सा ते मेंफिस हा लांबचा पल्ला, बराचसा आर्कान्सॉमधून. गाडीत रॉक अँड रोलचा सुरुवातीचा गायक बिल हेली लावला. त्याचे सुरुवातीचे बँड वेस्टर्न स्विंगच वाजवत. १२ एप्रिल १९५४ ला ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित झालं, त्यातला तो भन्नाट वेगाचा गिटारचा तुकडा डॅनी सिड्रोनचा. १९५२ मधल्या हेलीच्याच एका गाण्यात तो आधी वाजवून झाला होता. नीट ऐका: ते घरंगळत खाली येणारे स्वर सरळ स्विंगच्या मुशीतले आहेत. हे गाणं गाजलेलं बघायला सिड्रोन राहिला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गेला.

मेंफिसला ७०६, युनियन अव्हेन्यू. सन स्टुडिओची खोली फोटोंत दिसते त्याहून बरीच लहान आहे. जमिनीवर टेपच्या फुल्या मारल्यात, वादक कुठे उभे होते ते दाखवायला. ५ जुलै १९५४ ला इथे एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक या तिघांनी ‘दॅट्स ऑल राइट’ मुद्रित केलं. ड्रम नाहीच. मग ती जागा भरायची कुणी? मूरचा अंगठा बास आणि ताल सांभाळतो, ते मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स या कंट्री गिटारवादकांकडून आलेलं. आणि गाणं थांबलं की बोटं जॅझकडे वळतात. बार्नी केसेल आणि टॅल फार्लो हे त्याच्या आवडीचे वादक, दोघेही ख्रिश्चनच्याच शाळेतले. मार्गदर्शक मुलीने तिथे ती मूळ तबकडी ऐकवली. मूरचा तुकडा आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्ही जाणार असाल तर केन्सला कार्यक्रमाचं तिकीट काढूनच जा; तो हॉल माणसं नाचत असतानाच बघायचा. एप्रिलचा शेवटचा शनिवार जमत असेल तर टेक्सासमधल्या टर्की या गावाचाही विचार करा. बॉब विल्स तिथेच वाढला, आणि त्याच्या नावाचा उत्सव तेव्हाच असतो. आणि निघण्यापूर्वी ख्रिश्चनचं ‘सोलो फ्लाइट’, शॅम्बलिन आणि विल्सचा स्टील गिटारवादक लिऑन मॅकऑलिफ यांचं ‘ट्विन गिटार स्पेशल’ (दोन्ही १९४१ ची) आणि ‘दॅट्स ऑल राइट’ याच क्रमाने ऐका, लागोपाठ.